अर्धी लोखंडाची सायकल

आप्पांनी वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाले, "वैजू, तुझ्या चुलत्याला सांग, तुझी सायकल यील ती लोखंडाचीच."

चुलते, म्हणजे आमचे नाना, त्यांच्यापासून चार हातांवर अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी मोजत उभे होते. मी मान त्यांच्याकडे वळवली. "नाना, आप्पा म्हणतायत, सायकल लोखंडाचीच येईल."

"ऐकलंय म्हनावं," नाना पट्टीवरची नजर न काढता म्हणाले. "आन तुझ्या बापाला इचार, पोरीला डोंगरावर सायकल चालवायची हाय का फाटक वर न्यायचंय?"

मी मान परत फिरवली. आप्पांना सगळं ऐकू गेलं होतं, तरी ते माझ्याकडे बघत थांबले. बोललेलं ऐकू जाणं वेगळं आणि निरोप पोचणं वेगळं, असा आमच्याकडे नियम होता. मी निरोप पोचवला, मगच ते चिडले.

आमच्या घरात अबोला होता आणि तो नीट चालावा म्हणून एक माणूस लागायचं. ते माणूस मी.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमची शेड आहे आणि तिला लागूनच घर. बाहेर बोर्ड, 'पिसाळ बंधू. गेट, ग्रिल, ट्रॉली, शेड.' आधी दोघे भाऊ मिळून लोखंडाचंच काम करायचे. मी आठवीत असताना नाना कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि अ‍ॅल्युमिनिअमच्या सरकत्या खिडक्या करायचं मशीन घेऊन आले. आप्पा म्हणाले, हा धातू जेवणाच्या डब्यांचा. नाना म्हणाले, डबा गंजत तरी नाही. आता हे गंजणं आप्पांनी स्वतःला लावून घेतलं की लोहारकाम केलेल्या आजोबांना, ते मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी शेडच्या मधोमध पिवळ्या ऑइलपेंटची रेघ होती. एकीकडे लोखंड, एकीकडे अ‍ॅल्युमिनिअम आणि रेघेवर शाळेच्या गणवेशात मी.

बोलणं बंद झालं तरी धंदा एकत्रच राहिला, कारण जागा एक, मीटर एक आणि बोर्ड एक. दोघांनी एकमेकांची नावं घेणंही सोडलं. आप्पांच्या तोंडी 'तुझा चुलता' आणि नानांच्या तोंडी 'तुझा बाप'. जणू ही दोन्ही माणसं मीच घरात आणून ठेवली होती.

एकदा नानांच्या पाठीमागच्या वायरीने पेट घेतला. आप्पांना ते दिसलं. मी तेव्हा कॉलेजात, तासाला बसलेली. आप्पांनी मला फोन केला. "वैजू, तुझ्या चुलत्याला सांग, त्याच्या मागं जळतंय." मी वर्गातून पळत बाहेर आले आणि नानांना फोन लावला. नानांनी तो उचलला, "ऐकलंय म्हनावं" म्हणाले, फोन खिशात ठेवला आणि मगच वळून त्या जाळावर ओलं पोतं टाकलं. तोवर शर्टाची पाठ जळाली होती. संध्याकाळी मी घरी आले तर आप्पा दारातच उभे. "इचार त्याला, लई भाजलं का?"

तर अशी ही माझी नोकरी. आणि आता मला दुसरी, पगाराची नोकरी लागली होती. दिवाळीनंतर पुण्याला जायचं होतं. त्याआधी मला एकच गोष्ट हवी होती, स्वतःची डोंगरवाटेवरची सायकल. मैत्रिणीची उसनी सायकल घेऊन मी यवतेश्वरच्या पायवाटा पालथ्या घातल्या होत्या. दसऱ्यानंतरच्या रविवारी पठारावरून खाली उतरायची शर्यत होती. नाव दिलं होतं. फक्त सायकल यायची राहिली होती.

मी पुण्याला गेल्यावर निरोप कोण पोचवणार, हा प्रश्न दोघांनाही पडला आणि त्यावर दोघांनी मिळून तोडगा काढला. मिळून म्हणजे माझ्यातर्फे. आप्पा म्हणाले, तुझ्या चुलत्याला सांग, वैजू ज्याच्या धातूची सायकल घेईल त्याच्याकडे शेडचा बोर्ड राहील, दुसऱ्याने रेघेवर भिंत घालायची आणि पलीकडे वेगळा धंदा मांडायचा. नाना म्हणाले, ऐकलंय म्हनावं, मंजूर म्हनावं. ही पैज त्यांनी माझ्याच तोंडून लावली आणि ती माझ्यावरच लावली आहे हे माझ्या लक्षात येईपर्यंत शेडच्या दारात विटांचा ट्रक रिकामा झाला होता.

मी सायकल निवडायची म्हणजे बाप निवडायचा की चुलता, असा तो मामला होता. मला धातूशी खरंच काही देणंघेणं नव्हतं. शेडमध्ये शिरताना मी त्या विटांना वळसा घालून जायचे.

ऑर्डर रविवारी दिली तरच सायकल दसऱ्याला मिळणार होती. त्या रविवारी सगळं घर टेम्पोत बसून मोहसीन बागवानच्या सायकलच्या दुकानात गेलं. आप्पा चालवायला, शेजारी आई आणि काकी, मागे हौद्यात नाना आणि मी.

मोहसीन माझ्याच वयाचा, सज्जन मुलगा. आम्ही पाच जण एकदम आत शिरलेले बघून तो आधी उठून उभा राहिला, मग त्याने पंखा वाढवला.

"काका, ही स्टीलची फ्रेम," त्याने सुरुवात केली. "क्रोमोली म्हणतात. भारीतलं स्टील. दगडावरून गेलं तर थोडं लवतं, हाताला दणका कमी बसतो. वजन मात्र जरा जास्त."

आप्पांनी खिशातून पाना काढला आणि फ्रेमवर हलकेच मारला. टणण्. त्यांनी डोळे मिटून तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. "तुझ्या चुलत्याला सांग, आवाज बघ म्हनावं."

"ऐकलाय म्हनावं. देवळात टांगायची असली तर घ्या म्हनावं."

मोहसीनने बिचाऱ्याने दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, ते दोघं तर शेजारीशेजारीच..."

"मला माहितीये," मी म्हणाले. "तू अ‍ॅल्युमिनिअमची दाखव."

त्याने दाखवली. हलकी, ताठ, गंज नाही, चढाला बरी. नानांनी ती उचलली, छातीशी धरली, खाली ठेवली आणि परत उचलली, म्हणजे आप्पांना नीट दिसावं. आप्पांनी चष्मा लावून एकेक सांधा तपासला. "ही वेल्डिंग केली कुनी? माशा बसल्यात का जागोजाग? इचार तुझ्या चुलत्याला, ह्या सांध्यावर तो पोरगीला बसवनार हाय का?"

"तुझ्या बापाला म्हनावं, अ‍ॅल्युमिनिअमचा सांधा असाच दिसतोय. ज्यानं जल्मात केला न्हाई त्याला काय कळायचं?"

माझी मान दुखायला लागली होती. तिकडे आई आणि काकी टायरांच्या मांडणीपाशी बसल्या होत्या. या दोघींमध्ये कधीच अबोला नव्हता. उलट नवऱ्यांच्या अबोल्यावर त्यांचं मैत्र चांगलं पोसलं होतं. मोहसीन त्यांना सांगायला गेला की जाड टायर रुंद असतो, त्यात हवा कमी ठेवता येते, मोठ्या दातांचा मुरमात पकड घेतो, बारीक दातांचा पळतो, आजकाल आत ट्यूब नसते आणि दुधासारखं एक रसायन घालतात, त्याने भोक आपोआप बुजतं.

"ते ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "कुठला चिखल कमी आनतोय ते सांग."

मोहसीनला या प्रश्नाचं उत्तर कंपनीने दिलेलं नव्हतं.

आईने केसातला आकडा काढला आणि एका टायरच्या दातांमधून फिरवला. "ह्यात फरशी पुसायचं फडकंबी जायचं न्हाई. नको." दुसऱ्याचे दात लांब लांब होते, आकडा मधून सहज फिरला. "ह्यातला चिखल दारातच पडंल. हे घ्या."

"मला हे आवडलंय," काकीने बारीक दातांचा एक टायर मांडीवर घेतला होता. "कसं नक्षीदार हाय बघा, जाऊबाई. पाटावरच्या रांगोळीवानी."

"मग एक तुझं, एक माझं," आई म्हणाली.

"पुढं तुमचं, मागं माझं. तुम्ही थोरल्या."

एवढ्या वेळात टायर ठरले. मोहसीन त्या दोन टायरांकडे बघतच राहिला. "खरं तर मावशी, पुढे मोठ्या दातांचा आणि मागे बारीक, असंच बसवतात बरेच जण," तो पुटपुटला. पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणी रिकामं नव्हतं, कारण फ्रेमच्या बाजूला आप्पांचा आवाज चढला होता.

"सांग तुझ्या चुलत्याला, विटा आल्यात!"

"ऐकलंय म्हनावं! वाळूबी मागवा म्हनावं!"

काकीच्या मांडीवरचा टायर घरंगळला. आईने माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले की भिंत उभी राहणार आणि नाही बोलले तर दुकान बंद व्हायच्या वेळेला दोघं मिळून माझ्याकडून बोलवून घेणार. मी रडायच्या बेताला आले होते. मोहसीनला बहुतेक माझी दया आली. त्याने स्टुलावर चढून छताला टांगलेली एक काळी फ्रेम काढली.

"मग वादच नको, काका. ही कार्बनची. ना लोखंड, ना अ‍ॅल्युमिनिअम."

"मंग कशाची?" आप्पा.

"कार्बनचे धागे असतात, त्यांचं कापड. ते चिकट द्रव लावून साच्यात घालतात आणि भट्टीत भाजतात."

"कापड?"

"हो काका."

"चिकटवलेलं?"

"हो."

आप्पांनी पाना मारला. टक.

ते खाली वाकले, कान जवळ नेला, पुन्हा मारला. टक. नाना पुढे आले आणि त्यांनी ती फ्रेम एका बोटावर उचलली. इतकी हलकी होती की ती उचलताना त्यांचा हात उगाचच वर गेला. दोघांनी ती फ्रेम बघितली, मग एकमेकांकडे बघितलं आणि आप्पा सरळ म्हणाले,

"रघू, ही प्लास्टिकची बादली हाय."

"बादलीला कडी तरी असती, दादा," नाना म्हणाले.

आईचा हात केसात आकडा खोचता खोचता तिथेच थांबला. माझे कान तापले. नऊ वर्षांत मी ती दोन नावं त्या दोन तोंडांतून ऐकली नव्हती. मोहसीनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तो आपला सांगत होता की परदेशात मोठमोठे खेळाडू हीच वापरतात.

"तू गप," दोघे एकदम म्हणाले.

"चिकटवून सायकल करत्यात," आप्पा नानांना म्हणाले.

"उन्हात ठेवली तर सुटायची," नाना म्हणाले.

आणि मग आप्पांना कळलं आपण काय करतोय ते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. नानांनी फ्रेम खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. आप्पा हळूच माझ्याकडे वळले. "वैजू, तुझ्या चुल..."

मला एवढंच कळलं की मी आता मान वळवली तर सगळं होतं तिथे जाईल. मी मान वळवली नाही. मी त्या काळ्या फ्रेमवर हात ठेवला.

"मला हीच हवी," मी म्हणाले.

"ही?" आप्पा ओरडले. "रघू, बघ काय म्हनतीय ही!"

"ऐकलं की," नाना म्हणाले. "पोरीचं डोकं फिरलंय, दादा."

परत जाताना टेम्पोत पुढे आप्पा आणि नाना बसले. मला कसं समजवावं हे ठरवायला त्यांना जवळ बसणं भाग होतं. मागे हौद्यात मी, आई, काकी आणि मध्ये दोन टायर. आई आणि काकी पदर तोंडाला लावून रडत होत्या की हसत होत्या, ते मला अंधारून आलेलं असल्यामुळे नीट दिसलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. मी कार्बनसाठी हटून बसले. आयुष्यात मी कधी कशासाठी हट्ट केला नव्हता, त्यामुळे सगळा साठून राहिलेला हट्ट एकदम बाहेर आला. फ्रिजवर कार्बनच्या सायकलीचा फोटो लावला. जेवताना सांगायचे की लोखंड म्हणजे जुन्या लोकांचं काम, अ‍ॅल्युमिनिअम म्हणजे खिडक्यांचं. दोघांचाही घास हातात राहायचा. नाना म्हणायचे, "दादा, हिला शिकवलं ते चुकलंच." आप्पा म्हणायचे, "पुण्याला जायच्या आधीच ही अशी, तिकडं गेल्यावर काय?" जेवण झालं की दोघं शेडच्या दारात विटांच्या ढिगावर जाऊन बसायचे आणि माझ्याविरुद्ध बोलायचे. मी आतल्या खोलीतून ऐकायचे. लोखंडाला नावं ठेवल्यावर आप्पांचा चेहरा उतरायचा त्याचं मला वाईट वाटायचं. पण त्या दोघांचे आवाज एकापाठोपाठ एक येताना इतकं बरं वाटायचं, की सकाळी उठून मी पुन्हा नावं ठेवायचे.

कधी कधी विषय संपायचा. मग काकी धापा टाकत आत यायची. "वैजू, ते गप बसल्यात गं. मघापास्नं कुनी बोललं न्हाई. जा, कायतरी बोल."

मी बाहेर जाऊन सांगायचे, "मोहसीन म्हणतोय, चाकंसुद्धा कार्बनची मिळतात."

"चाकंबी?" की झालं सुरू.

चौथ्या की पाचव्या दिवशी दोघं माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोघांनी आंघोळ करून स्वच्छ शर्ट घातले होते. बोलायचं काम थोरले म्हणून आप्पांकडे आलं होतं.

"आमी ठरीवलंय. तुला बादलीवर बसू देनार न्हाई. फ्रेम आमीच करनार. पुढची अर्धी लोखंडाची, मागची अर्धी अ‍ॅल्युमिनिअमची."

"आणि बोर्ड?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बोर्डाचं त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं.

"सायकल अर्धी अर्धी म्हनल्यावर बोर्ड कुनाचा, ते बघू मागनं," नाना म्हणाले.

आता कुणालाही विचारा, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनिअम एकमेकांना वेल्ड होत नाहीत. हे त्या दोघांइतकं साताऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांनी ठरवलं होतं. मोहसीनकडून त्यांनी एक मोडकी सायकल आणली, तिचा हँडलचा आणि पेडलचा भाग कापून घेतला. फ्रेम सरळ धरायला ओटा हवा होता. नानांनी दारातल्या विटा आत आणल्या, आप्पांनी रचल्या. ओटा बरोबर पिवळ्या रेघेवर आला, कारण दोघांच्याही हाताशी तीच जागा होती. पहिला ओटा तिरका झाला म्हणून दुसरा केला. उरलेल्या विटांवर दोघांनी चहाचे कप ठेवले.

सांध्यासाठी पट्ट्या आणि नट-बोल्ट ठरले. नाना म्हणाले, "दादा, दोन धातू नुसतं टेकवलं की पान्यात कुजत्यात. मधी कायतरी नरम लागतंय."

"जुनी ट्यूब हाय की," आप्पा म्हणाले आणि माझ्या उसन्या सायकलीची ट्यूब कापून त्यांनी तिचे चौकोन सांध्यात घातले.

दसऱ्याला सायकल दारात उभी राहिली. पुढे आईचा टायर, मागे काकीचा, मध्ये दोघा भावांचं भांडण, सांध्यावर बोल्टांची रांग. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. उचलायला मी आणि काकी दोघी लागायचो. पेडल मारलं की जुनं फाटक उघडल्यासारखा आवाज यायचा. आप्पा म्हणाले, "तेल घालू." नाना म्हणाले, "घाला." सोनं वाटताना दोघांनी एकमेकांच्या हातात आपट्याची पानं दिली आणि आप्पांना वाकून नमस्कार करताना नाना जरा जास्त वेळ वाकलेले राहिले. आई देवापाशी जाऊन उगाचच दिवा नीट करत बसली.

मी कार्बनचा हट्ट सोडला. खरं सांगायचं तर, आठवडाभर गुण गाऊन गाऊन एव्हाना मला ती कार्बनची सायकल खरोखरच आवडायला लागली होती.

शर्यतीच्या दिवशी यवतेश्वरच्या पठारावर सगळ्यांच्या सायकली चकचकीत, आणि माझी आवाज करत आली तेव्हा लोक वाट सोडून बाजूला झाले. एका मुलाने विचारलं, "ताई, ही कुठल्या कंपनीची?" मी म्हणाले, "पिसाळ बंधू." त्याने मान डोलावली. मला वाटतं त्याने घरी जाऊन शोधलीही असेल.

उतार सुरू झाल्यावर मात्र त्या वजनाचा फायदा व्हायला लागला. मी सुटलेच. आईचा टायर मुरमात पकड घेत होता, काकीचा मागून आपला पळत होता. चार जणांना मी मागे टाकलं, त्यांनीही मोठ्या मनाने जागा दिली. खालच्या वळणावर घरचे सगळे उभे होते. आप्पा आणि नाना एकाच छत्रीत. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला बघितलं, हात वर केले आणि तेवढ्यात माझ्याखालून कडकड असा आवाज आला.

पुढची अर्धी माझ्या हातात राहिली. मागची अर्धी माझ्याखालून निघाली, मला ओलांडून पुढे गेली, वळणावर आली आणि नानांपासून दहा पावलांवर आडवी झाली. मी कारवीच्या झुडपात.

दोघं भाऊ धावले. नाना मागच्या अर्ध्याकडे आणि आप्पा माझ्या दिशेने. मी हात पुढे केला. आप्पा माझ्या शेजारून गेले आणि लोखंडाच्या अर्ध्यापाशी गुडघ्यावर बसले.

"रघू! माझ्याकडनं मोडली न्हाई!"

"माझ्याकडनंबी न्हाई, दादा! एकबी सांधा हाललेला न्हाई!"

"मंग?"

दोघांनी ते दोन तुकडे वाटेवर समोरासमोर ठेवले आणि त्यावर डोकी घातली. मागून येणारे स्पर्धक त्यांना वळसा घालून जात होते.

"बोल्ट!" दोघे एकदम ओरडले. बोल्ट तुटले होते. विकत आणलेले. लोखंडाची चूक नव्हती, अ‍ॅल्युमिनिअमची नव्हती, बोल्ट विकणाऱ्याची होती. आप्पांनी आनंदाने नानांच्या पाठीवर थाप मारली, तिथे जुनं भाजलेलं होतं, नाना कळवळले आणि तरी हसले.

"पोरगी मेली का जित्ती हाय ते बघा आधी!" आई वळणावरून किंचाळली. तेव्हा कुठे दोघांना मी आठवले. माझं कोपर सोलवटलं होतं. मी झुडपात बसून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकीला वाटलं डोक्याला मार लागला.

भिंत झाली नाही. विटांचे ते दोन ओटे शेडमध्ये राहिले, एकावर चहाचे कप आणि एकावर आप्पांचं जेवण. मी पुण्याला गेले. पहिल्या आठवड्यात सवयीने आप्पांना फोन केला आणि विचारलं, "निरोप आहे का काही?"

"कसला निरोप?" आप्पा म्हणाले. "ह्यो बसलाय की हितं." आणि मागून नाना काहीतरी बोलले, आप्पा त्यांच्याशी भांडायला लागले आणि फोन चालूच राहिला. ऐकता ऐकता मला फार बरं वाटलं. थोडं एकटंही वाटलं.

पुढे ते रोज भांडले. बोल्ट कुठल्या जाडीचे हवे होते यावर, रेडिओच्या आवाजावर, राजकारणावर, सगळ्यावर. तोंडावर, मोठ्याने, मध्ये कुणी न घेता.

नाना गेल्या वर्षी गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

यंदा दसऱ्याला मी साताऱ्याला गेले तेव्हा गाडीवर माझी सायकल होती. कार्बनची. घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण साताऱ्याला आणायचं धाडस मी कधी केलं नव्हतं. आप्पा शेडमध्ये एकटे होते, मुखवटा कपाळावर. नानांच्या मशीनवर पोतं पांघरलेलं. पिवळी रेघ कधीच पुसून गेली होती, पण आप्पांचं सामान अजून तिच्या अलीकडेच होतं.

त्यांनी सायकल बघितली. खिशातून पाना काढला.

टक.

"किती वरसं झाली हिला?"

"आठ," मी म्हणाले.

त्यांनी परत मारला. परत टक. मग ते त्या पांघरलेल्या मशीनकडे वळले.

"वैजू," ते म्हणाले, "रघूला सांग, बादली अजून फुटली न्हाई म्हनावं."

मी शेडच्या पलीकडच्या बाजूला गेले. मशीनवरचं पोतं जरा बाजूला केलं. "नाना," मी म्हणाले, "आप्पा म्हणतायत, बादली अजून फुटली नाही."

आप्पा माझ्याकडे बघत थांबले होते. मी मान त्यांच्याकडे वळवली.

"ऐकलंय म्हनावं," मी म्हणाले.

आप्पांनी मान डोलावली आणि मुखवटा खाली ओढला.